दोन फुटी टाकी आणि नऊ मासे

घरात फिश टँक आणायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, "मासे किती ठेवायचे?" आणि सगळ्यात कमी विचार करून दिले जाणारे उत्तरही याच प्रश्नाचे. दुकानदार म्हणतो, "घ्या की ताई, दहा-बारा आरामात राहतील." वास्तुवाले म्हणतात नऊ. मुले म्हणतात, प्रत्येक रंगाचा एक तरी हवाच. माशांना कोणी विचारत नाही, आणि पाण्याला तर नाहीच नाही. माझे मत विचाराल तर आपल्या नेहमीच्या दोन फुटी टाकीसाठी ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. चूक नुसती हिशेबाची असती तर एवढे लिहायचे कारण नव्हते. तिच्यापायी घरोघरी मासे मरतात आणि आपण "आमच्याकडे मासे टिकतच नाहीत हो" असे म्हणून मोकळे होतो.

गेल्या काही महिन्यांत नात्यातल्या तिघांनी नव्या घरात टाकी घेण्याआधी मला फोन केला. (आमच्या घरी वीस-बावीस वर्षे टाकी आहे, त्यामुळे या विषयात मला उगाचच तज्ज्ञ समजतात.) प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे म्हटले. बाकीच्या मंडळींनाही उपयोग झाला तर बरेच.

आधी टाकीचे माप घेऊ. आपल्याकडे पहिली टाकी बहुधा दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी घेतली जाते. हॉलच्या कोपऱ्यात बसते, खिशालाही परवडते. सेंटिमीटरमध्ये ६० × ३० × ३०, म्हणजे काठोकाठ भरली तर ५४ लिटर पाणी. पण काठोकाठ कोणी भरत नाही. तळाची वाळू, दगड, झाडे आणि वर सोडलेली चार बोटे जागा वजा केली की हातात उरते साधारण ४५ लिटर. आंघोळीच्या बादलीच्या भाषेत सांगायचे तर तीन बादल्या. या तीन बादल्यांत माशाने जेवायचे, त्यातच शी-शू करायची आणि पुन्हा त्यातच श्वास घ्यायचा. नदीत वाहते पाणी सगळे घेऊन पुढे जाते. टाकीतले पाणी कुठे जाणार? तुम्ही बादलीने काढाल तेव्हाच जाणार.

माशांची घाण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तळाचा गाळ येतो. पण खरी घाण डोळ्यांना दिसतच नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. न खाल्लेले दाणे कुजले, एखादे पान सडले, की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असते आणि त्यातल्या माशांचे कल्ले भाजत असतात. हा अमोनिया संपवतो कोण? एअर पंप नाही, आणि नुसते फिल्टरचे यंत्रही नाही. ते काम फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूच्या कणांवर वस्ती करून राहिलेले जिवाणू करतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, जे माशांना विषारीच असते. दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते, आणि ते आपण दर आठवड्याला थोडे पाणी बदलून बाहेर काढायचे असते.

नव्या टाकीत ही जिवाणूंची वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण काय करतो? रविवारी सकाळी टाकी आणतो, दुपारी पाणी भरतो आणि संध्याकाळी बारा मासे सोडतो! आठ-दहा दिवसांनी एकेक मासा वर येऊन उलटा पडू लागला की दुकानात जाऊन निळ्या औषधाची बाटली आणतो. रोग झालाय असे समजून औषध घालतो. रोग कसला, तो गर्दीचा परिणाम असतो.

म्हणून टाकीत किती मासे मावतील हा प्रश्नच मुळात बरोबर नाही. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे मला याला वर्गाचेच उदाहरण सुचते. खोलीत बाके किती मावतात यावरून पटसंख्या ठरवायची झाली तर साठ-सत्तर मुले सहज बसतात. आमच्या पिढीने तसे वर्ग पाहिले आहेत. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रमाण बांधून दिले ते शिक्षकाच्या हिशेबाने. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक. कारण मूल बाकावर बसले म्हणजे शिकले असे होत नाही, त्याच्याकडे बघणारे कोणीतरी लागते. टाकीचेही तसेच. काच किती फूट आहे हा झाला बाकांचा हिशेब. घाण निस्तरणारे जिवाणू किती आणि पाणी बदलणारा माणूस किती नियमित, हा झाला शिक्षकाचा हिशेब. संख्या दुसऱ्या हिशेबावरून ठरवायची.

या विषयात एक जुना नियम सर्रास सांगतात: एका गॅलनला एक इंच मासा. अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर. आपली ५४ लिटरची टाकी झाली १४ गॅलनांची, म्हणजे एकूण १४ इंच मासे. दोन इंचांचा एक धरला तर सात. नियम सोपा आहे, लक्षात राहतो, आणि बोटाच्या पेराएवढ्या टेट्रा-गप्पींना तो बऱ्यापैकी लागूही पडतो. पण मोठ्या माशांना लावला की घोटाळा होतो. कारण मासा म्हणजे दोरी नव्हे! लांबी वाढते तशी त्याची उंचीही वाढते आणि जाडीही. आकार तोच राहून लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते, तिप्पट झाली की सत्तावीसपट. एकेक इंचाचे दहा टेट्रा आणि दहा इंचांचा एक ऑस्कर यांची इंचांत बेरीज सारखीच, पण वजनाच्या या गणिताने तो एक ऑस्कर हजार टेट्रांच्या बरोबरीचा होतो. घरातल्या शाळकरी मुलांना घन कशाला शिकायचा असा प्रश्न पडत असेल तर हे उदाहरण जरूर द्या.

दुसरी गोष्ट अशी की दुकानात आपल्याला दिसतात ती बहुतेक पिल्ले असतात. दोन इंचांचा गोंडस ऑस्कर फूटभर वाढतो. काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकरही फुटाच्या वर जातो. चंदेरी अंगाचा आणि ऐटबाज कल्ल्यांचा 'टायगर शार्क' म्हणून जो छोटासा मासा मुले हट्टाने घेतात, तो शार्क नव्हेच. तो आहे पंगास, म्हणजे हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येणारा मासा! तो मीटरभर किंवा त्याहूनही लांब होतो. त्याला दोन फुटी टाकीत ठेवणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

यावर ठरलेले उत्तर मिळते: "टाकीच्या मापानेच मासा वाढतो हो." वाढ खुंटते हे खरे. पण ती खराब पाण्याने आणि कोंडल्याने खुंटते, माशाने समजूतदारपणा दाखवला म्हणून नव्हे. कुपोषित मुलाला कापड कमी लागते यात कोणी समाधान मानत नाही.

आता नऊचा प्रश्न. भाचीचा फोन आला होता, "मावशी, आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊच गोल्डफिश हवेत. वास्तूसाठी." (ती हे वाचणारच आहे, तेव्हा रागावू नकोस गं!) आपल्याकडे हा आकडा वास्तुशास्त्राच्या नावावर खपतो, पण तो आला चिनी फेंगशुईतून. गोल्डफिशही मूळचा चीनचाच. तिथल्या कार्प कुळातल्या माशांतून हजारेक वर्षांपूर्वी रंगीत मासे निवडून निवडून ही जात तयार झाली, आणि ती पोसली गेली आधी तळ्यांत.

दोन-दोन इंचांचे नऊ गोल्डफिश म्हणजे आजच अठरा इंच झाले, जुन्या नियमातही बसत नाहीत. फुगीर अंगाचे, दुशेपटी गोल्डफिश नीट जगले तर सहा इंचांपर्यंत सहज जातात. म्हणजे लांबी तिप्पट, वजन सत्तावीसपट. नऊ गुणिले सत्तावीस, २४३. आज आणलेल्या मापाचे २४३ मासे तीन बादल्यांत! लहान मासा वजनाच्या मानाने जास्त खातो, त्यामुळे घाण अगदी सत्तावीसपट होणार नाही हे मान्य. निम्मी धरा. तरी शंभराच्या वर गेलो. शिवाय गोल्डफिशला जठर नसते, तो दिवसभर थोडे थोडे खात राहतो आणि तितकीच घाण करतो. सगळ्या पाळीव माशांत कमी पाण्यात ठेवायला सर्वांत नालायक मासा कोणता असेल तर हाच, आणि सर्वांत कमी पाण्यात आपण ठेवतो तोही हाच.

कोणाच्या श्रद्धेविषयी मला बोलायचे नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण या नऊ माशांच्या गोष्टीत एक भाग असा आहे की तो मला पटत नाही. काळा मासा मेला तर "घरावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले" असे म्हणतात आणि दुसरा काळा आणून सोडतात. यात मासा का मेला हे शोधायची गरजच उरत नाही. तो तीन बादल्यांतल्या अमोनियाने मेला, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. वर त्याचे आभार मानले जातात! भाचीला मी एवढेच सुचवले की नऊच हवेत तर नऊ निऑन टेट्रा ठेव. आकडा तुझा राहील आणि मासेही राहतील.

गोल्डफिश दोन-तीन महिने जगतो अशी आपल्याकडे समजूत आहे. नीट ठेवला तर तो दहा-पंधरा वर्षे सहज काढतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवायला बंदी घातली. तेव्हा पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. पण त्या भांड्याचा विचार करा: पाणी चार-पाच लिटर, तोंड अरुंद, फिल्टर बसवायला जागा नाही. आपल्याकडे ते भांडे अजूनही वाढदिवसाची भेट म्हणून दिले जाते, आत एक मासा घालून.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग एकेकच मासा ठेवावा, प्रश्नच मिटला. तसेही नाही. काही माशांना सोबत लागते. निऑन टेट्रा, आपल्या भारतातलाच झेब्रा, तळाशी फिरणारे कोरीडोरास हे थव्याने राहणारे मासे. निदान सहा तरी असल्याशिवाय ते मोकळे होत नाहीत. एकटा टेट्रा झाडामागे लपून बसतो, त्याचा रंगही फिका पडतो. उलट फायटर नर एकटाच हवा. दुसरा नर दिसला की एकमेकांची कल्ले-पिसारे फाडून ठेवतात. म्हणजे संख्येला दोन टोके आहेत. वरचे टोक टाकी ठरवते, खालचे टोक माशाची जात ठरवते. आणि खालचे टोक वरच्या टोकाच्या वर गेले तर तो मासा आपल्या टाकीसाठी नाही, असे समजून पुढे व्हावे.

याचे चांगले उदाहरण आपल्या पश्चिम घाटातच आहे. लाल-काळ्या पट्ट्यांचा 'मिस केरळ' मासा केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या नद्या-ओढ्यांत राहतो. २०१३ पासून त्याच्या शास्त्रीय नावात चक्क 'सह्याद्रिया' आहे! दिसायला इतका देखणा की घ्यावासा वाटणारच. पण तो चार-पाच इंच वाढतो, थव्याने राहतो, भरपूर पोहतो, त्याला गार वाहते पाणी लागते. सहा मिस केरळ म्हणजे किमान चार फुटी टाकी. दोन फुटीत एकही नाही. त्यातून निसर्गात ही जात धोक्यात आलेली आहे. त्याचे फोटो पाहून समाधान मानावे हे उत्तम.

गप्पींचा हिशेब तर आणखी निराळा. एक नर, दोन माद्या असे तीन गप्पी आणले तर तुमच्याकडे तीन गप्पी आहेत असे समजू नका. मादी दर महिन्याला पिल्ले टाकते, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त. एकदा नराशी संबंध आला की नंतर नर नसतानाही काही महिने पिल्ले होत राहतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून नगरपालिका गप्पी मासे डबक्यांत सोडतात, ते याच गुणामुळे. एवढ्या पिल्लांचे काय करायचे हे आधी ठरले नसेल तर सगळे नरच आणावेत. तसेही रंग नरांनाच असतात.

आता वरच्या टोकाविषयी थोडे अधिक, कारण बाहेरच्या पुस्तकांत आपल्याकडची एक गोष्ट नसते. ती म्हणजे मे महिना आणि वीज. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, ३० अंशांना सुमारे साडेसात. आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. एअर पंप चालू असतो तोवर वरचे पाणी हलत राहते आणि निभावते. २००५ च्या सुमारास सुरू झालेली लोडशेडिंगची ती वर्षे ज्यांनी काढली त्यांना आठवत असेल, दुपारी तीन-तीन, चार-चार तास वीज नाही, पंखा बंद, टाकी बंद. ज्या टाकीत मासे कमी होते तिथले मासे निवांत असायचे. ज्या टाकीत गर्दी होती तिथले सगळे वर येऊन तोंडे उघडझाप करत असायचे. वीज आता पूर्वीपेक्षा बरी असली तरी पावसाळ्यात तासन् तास जातेच. म्हणून माझा साधा नियम असा: माशांची संख्या डिसेंबरच्या सकाळवरून ठरवू नये. मे महिन्यात दुपारी दोन वाजता वीज गेली आणि आपण घरी नाही, तेव्हा किती मासे तग धरतील, ती आपली संख्या. उंच टाकीपेक्षा लांब-रुंद टाकी चांगली ती याचसाठी. हवा पाण्यात शिरते ती पृष्ठभागातून, उंचीतून नव्हे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "दुकानात एका टाकीत शंभर मासे असतात, ते नाही का जगत?" अहो, दुकानातली टाकी म्हणजे एस.टी. स्टँड! स्टँडवर पाचशे माणसे मावतात म्हणून कोणी तिथे संसार थाटत नाही. ते मासे तिथे चार दिवस असतात, त्यांना खायला बेताचे देतात, पाणी सारखे बदलतात. आणि सकाळी दुकान उघडल्यावर पहिले काम कोणते असते? मेलेले काढून टाकणे. ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो आणि त्यात तथ्य आहे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत सिक्लिड मासे फार भांडखोर. त्यांना मुद्दाम दाटीने ठेवतात, म्हणजे दांडगा मासा एकाच्याच मागे लागत नाही, मार वाटला जातो. हे बरोबर आहे. पण ती माणसे चार-पाच फुटी टाक्या ठेवतात, दोन-दोन फिल्टर लावतात आणि आठवड्याला टाकीचा मोठा हिस्सा पाणी बदलतात. म्हणजे तिथेही हिशेब शिक्षकाचाच झाला. बाके तेवढी वाढवली, शिक्षकही वाढवले. आपण बाके वाढवतो आणि शिक्षक सुट्टीवर पाठवतो.

जास्त मासे घेतल्याचा एक परिणाम आपल्या घराबाहेरही होतो. सकर मोठा झाला, टाकीत मावेना, मारवत तर नाही. मग दयाळू माणूस त्याला पिशवीत घालून तळ्यात नाहीतर नदीत सोडून येतो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज भारताच्या अनेक नद्या-तळ्यांत पसरला आहे. त्याच्या अंगावर काटेरी चिलखत, त्यामुळे जाळी फाटतात. बाजारात त्याला भाव नाही आणि स्थानिक माशांच्या अन्नात तो वाटेकरी होतो. कोळी बांधवांचे नुकसान करणारा हा मासा कोणाच्या तरी हॉलमधूनच निघालेला असतो. तेव्हा 'सोडून देऊ' हा पर्याय टाकी घेण्याआधीच मनातून काढून टाकावा. जो मासा पूर्ण वाढल्यावर आपल्याकडे राहू शकत नाही तो आणूच नये.

घरातल्या टाकीचा इतिहास वाचताना मला एक गंमत सापडली. लंडनचा रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकमेकांच्या आधाराने कसे राहतील, हे त्याला पाहायचे होते. मासे प्राणवायू घेतात, वनस्पती तो देतात, सडलेली पाने गोगलगायी खातात, असा मेळ. त्याचे भांडे होते सुमारे १२ गॅलनांचे. इंग्लिश गॅलन साडेचार लिटरचा, म्हणजे ५४ लिटर. बरोबर आपल्या दोन फुटी टाकीएवढे! आणि त्यात त्याने किती मासे ठेवले? दोन. छोटे गोल्डफिश, दोन. त्याला जिवाणूंचे हे काम ठाऊक नव्हते, एअर पंप नव्हता, फिल्टर नव्हता. पण पाण्याला किती झेपेल याचा अंदाज घेऊन मग मासे घालावेत, एवढे त्याला कळत होते. आपल्याकडे आज सगळी यंत्रे आहेत आणि आपण बारापासून सुरुवात करतो.

तर मग दोन फुटी टाकीत किती? विचारलेच आहे तर सांगते. आठ-दहा निऑन टेट्रा. किंवा सहा नर गप्पी. किंवा एक फायटर आणि सोबतीला दोन-तीन गोगलगायी. या तिघांपैकी एक, तिन्ही मिळून नव्हे. गोल्डफिश शून्य. गोल्डफिशच हवे असतील तर तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घ्या आणि त्यात दोन ठेवा. टाकी भरून, फिल्टर चालू करून, झाडे लावून आधी काही दिवस तशीच राहू द्या. मग दोन-तीन मासे आणा, दाणे चिमटीत मावतील त्याहून कमी घाला, आणि बाकीचे महिना-दीड महिन्याने आणा. आठवड्याला एक बादली पाणी बदला. नवे पाणी रात्रभर उघडे ठेवलेले असावे, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर जिवाणू धुऊन जातील. आणि ही बादली दर आठवड्याला कोण उचलणार हे घरात आधी ठरवा. ते ठरत नसेल तर माशांची संख्या शून्य, हेही एक चांगले उत्तर आहे.

कमी मासे ठेवले की पाहायला जास्त मिळते, हे मी अनुभवाने सांगते. गर्दीच्या टाकीत नुसती ये-जा दिसते. थोडे मासे असले की एकेकाची रीत दिसू लागते. फायटर नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. गप्पी नर मादीपुढे अंग वाकवून थरथरत नाचतो. टेट्रांचा थवा दिवा लागला की एकाच दिशेला वळतो. घरातली लहान मुले मग "आजी, तो बघ काय करतोय" असे विचारतात. ज्या घरात दर पंधरा दिवसांनी एक मासा मरतो आणि त्याच संध्याकाळी दुसरा येतो, तिथली मुले वेगळेच काही शिकतात. जीव संपला की बदलून मिळतो, असे शिकतात. मला नऊ आणि दोन यांतला खरा फरक हा वाटतो.

पाहुणे येतील आणि म्हणतील, "टाकी रिकामी वाटते हो, आणखी दोन-चार सोडा की!" त्यांना चहा द्यावा, आणि मासे आहेत तेवढेच राहू द्यावेत.

असो. तुमच्या टाकीत किती मासे आहेत आणि किती वर्षांचे आहेत, ते जरूर कळवा. संख्येपेक्षा मला वयच ऐकायला आवडेल.